पुलाच्या अलीकडचं बोरन्हाण

माझी मुलगी नऊ महिन्यांची होऊन सोफ्याला धरून उभी राहायला लागली, तरी माझ्या नवऱ्याच्या कंपनीच्या मते ती जन्माला आलेली नव्हती. हे मी रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर ते खरं आहे. इतकी वर्षं लोटली, ती मुलगी आता स्वतः नोकरी करते, तरी हा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि घरातले एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे.

आम्ही तेव्हा सौदी अरेबियात, खोबरला राहत होतो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पाची देखभाल करणाऱ्या कंपनीत नवरा इंजिनियर होता. त्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं आणि बघता बघता आमच्या आसपास लष्कराची छावणी पडली. थंडी सुरू होताना कंपनीने विषारी वायूपासून वाचण्यासाठी मुखवटे वाटले. नवऱ्याला एक, मला एक, सहा वर्षांच्या मुलाला लहान मापाचा एक. धाकटीला काही नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा कळलं की मुखवट्यांची यादी इकाम्यावरून केली आहे, आणि आमच्या इकाम्यात, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यात, एकच मूल आहे.

आता ही चूक कुणाची? आमची नव्हे. मुलगी झाल्यावर महिन्याभरात नवरा रियाधला आपल्या वकिलातीत जाऊन आला होता. त्या काळात लहान मुलांना वेगळा पासपोर्ट नसायचा, आईच्याच पासपोर्टात नाव चढवायचे. तसं चढलं. पण पासपोर्ट घरी थोडेच असतात? ते कंपनीच्या तिजोरीत. सौदी सरकारकडची नोंद करायचं काम कंपनीच्या मंदूबचं, म्हणजे कागदपत्रं घेऊन कचेऱ्या फिरणाऱ्या स्थानिक माणसाचं. त्याला विचारलं की तो छातीवर हात ठेवून “बुकरा” म्हणायचा. बुकरा म्हणजे उद्या. तो उद्या नऊ महिने चालला होता.

मंदूबच्या वर जे साहेब होते ते आपलेच, मुंबईचे. सज्जन, सुशिक्षित, बोलायला मिठ्ठास. माझ्या मुलीच्या बारशाला ते सहकुटुंब आले होते. पाळण्याला झोका दिला होता, दोनदा मागून खीर घेतली होती, आणि मुलगी अगदी वडिलांवर गेली आहे असंही म्हणाले होते. तेच साहेब आता नवऱ्याला म्हणाले, की रेकॉर्डला मुलगी दिसत नाही तोवर आपले हात बांधलेले आहेत. नवरा ऐकून घरी आला. तो स्वभावाने मवाळ, कुणी पायावर पाय दिला तर आपणच सॉरी म्हणणारा. मी मात्र तिच्या बारशाची खीर आठवून रात्रभर कुढत राहिले.

तेवढ्यात संक्रांत जवळ आली. धाकटीची पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण करायला हवं. लहान मुलाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. खाली पडलेलं वेचायला आळीतली पोरं तुटून पडतात. थोरल्याचं बोरन्हाण पुण्याला दणक्यात झालं होतं, त्याचे फोटो आहेत. मी काही फार देवधर्म करणारी बाई नाही. बोरन्हाण केलं नाही म्हणून मूल आजारी पडतं यावर माझा विश्वासही नाही. पण कुठल्या तरी दोन राज्यकर्त्यांचं तेलावरून वाजलंय म्हणून माझ्या मुलीने आपल्या हक्काच्या चार बोरांना मुकावं, हे मला मुळीच मान्य नव्हतं. तिला यादीत घेत नाहीत तर नाही, मी तिला पाटावर बसवणार होते.

अडचण एकच होती. बोरन्हाणाला बोरं नसली तरी भागतं, पोरं मात्र लागतात. आणि आमच्या कॉलनीत पोरं उरली नव्हती. ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलं भारतात पाठवली होती. शाळा बंद होती. झोपाळे रिकामे होते. आम्ही का गेलो नव्हतो? कारण नवऱ्याला सुट्टी नव्हती, पाण्याच्या माणसांना कुणीच सोडत नव्हतं, आणि धाकटीची नोंद नसल्यामुळे तिला देशाबाहेर काढायचं कसं हे कुणी सांगत नव्हतं. मी एकटी जाऊन काय करणार होते?

बहरीनला, मनामात, माझी मावसबहीण राहायची. खोबरहून समुद्रावर बांधलेला पूल ओलांडला की बहरीन, गाडीने तासाभराचा रस्ता. तिच्या बिल्डिंगमध्ये मराठी आणि गुजराती मिळून डझनभर मुलं अजून होती. तिने फोनवर सांगितलं, की तू फक्त मुलांना घेऊन ये, बाकी सगळं मी बघते. तिने हलवाही करायला घेतला होता. परातीत निखाऱ्यावर, पाकाचे थेंब सोडत, बोटं भाजून घेत. खरं तर नाजूक दागिन्यांना खसखशीचा हलवा हवा, पण आखातात खसखस सापडली तर अफूच्या कायद्याखाली सरळ तुरुंगात जावं लागतं, म्हणून साबुदाण्यावर. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत नेमकी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यामुळे संक्रांतीआधीच्या गुरुवार-शुक्रवारी जायचं ठरलं. तिथला शनिवार-रविवार तोच. सासूबाईंनी पत्रातून कळवलं होतं की संक्रांतीच्या आधी बोरन्हाण करत नसतात. ते बरोबरच होतं, पण लढाई करणाऱ्यांनी आमच्या पंचांगाला विचारलं नव्हतं.

मंदूबला पुन्हा गाठलं. बाहेर जाऊन परत यायचा परवाना हवा, आणि धाकटीची नोंदही. बुधवारी संध्याकाळी नवरा पासपोर्ट घेऊन घरी आला. मंदूबने “खलास” म्हणून सांगितलं होतं. खलास म्हणजे झालं, संपलं, काळजी सोडा. तिथे राहून आम्ही या शब्दाला इतके भुललो होतो, की कुणी खलास म्हटलं की आम्ही पुढे काही विचारतच नसू. शिक्के अरबीत होते, हस्ताक्षर कोंबडीच्या पायांचं. शिक्का आहे म्हणजे काम झालं असं आम्ही धरून चाललो.

काळ्या झबल्यासाठी मी माझा जुना अबाया कापला. वर्षभर मला नखशिखांत काळ्यात गुंडाळणारं ते कापड, एकदा तरी माझ्या मर्जीने कामाला आलं. झबल्याला पांढरी लेस लावली. थोरल्याला सिनेमाचं आमिष होतं. सौदीत सिनेमाघर नव्हतं, मनामात होतं, आणि मावशी त्याला तिथे नेणार होती. तो आठवडाभर मित्रांशी बोलावं तसं आरशाशी इंग्रजीत सिनेमाबद्दल बोलत होता. मित्र सगळे निघून गेले होते ना.

गुरुवारी सकाळी निघालो. पुलाच्या रस्त्यावर लष्करी ट्रकांची रांग. एक ट्रक आमच्या शेजारून गेला, तो एक अमेरिकन पोरगी चालवत होती. बाह्या वर केलेल्या, तोंडात च्युइंगम. पुण्यात मी भर रहदारी कापत स्कूटर चालवलेली बाई, इथे माझ्या हातात स्टिअरिंग आलं असतं तर पोलीस आले असते. मी तिच्याकडे बघितलं, तिने हात हलवला, मीही हलवला. राग तिच्यावर नव्हता.

पुलाच्या मध्यावर समुद्रात भर घालून केलेलं बेट आहे. अर्ध्यावर सौदीची चौकी, अर्ध्यावर बहरीनची. सौदीच्या खिडकीत एक तरुण शिपाई होता, चांगला नम्र. रागवायला निदान तो उद्धट तरी असायला हवा होता. त्याने पासपोर्ट चाळले, गाडीत वाकून बघितलं, एक बोट वर केलं. मग मुलांकडे बघून दोन बोटं वर केली आणि मान हलवली. परवान्यावर नवरा, बायको आणि एक मूल होतं. गाडीत दोन होती.

नवऱ्याने समजावून पाहिलं. मी खिडकीतून माझा पासपोर्ट उघडून धाकटीचं नाव दाखवलं, त्यावर वकिलातीचा गोल शिक्का दाखवला. तो म्हणाला, हा हिंदी कागद. हिंदी म्हणजे भारतीय. सौदी कागद कुठे आहे? मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं की ही माझी मुलगी आहे, तुमच्याच खोबरच्या इस्पितळात जन्मली आहे, दिसत नाही का? त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघून खिदळली. त्याने तिचा गालही ओढला. मग त्याने आपल्या परीने मार्ग सुचवला. एक मूल जाऊ शकतं. दोघांतलं कुठलंही.

“बेबी फी,” तो शांतपणे म्हणाला, “वरका माफी.”

बाळ आहे, कागद नाही. याहून जास्त काही त्याला म्हणायचं नव्हतं आणि मला ऐकायचं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नवऱ्याला म्हटलं, की त्याला विचारा, तुझ्या आईला कुणी असं विचारलं असतं तर तिने तुला ठेवलं असतं की तुझ्या भावाला? नवऱ्याने अर्थातच विचारलं नाही. त्याने थँक्यू म्हणून पासपोर्ट परत घेतले. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या. सुट्टीवर निघालेल्या गोऱ्या सैनिकांची एक बस आमच्या डाव्या बाजूने न थांबता बहरीनकडे गेली.

आम्ही बेटावर एका बाजूला गाडी लावली. तिथल्या फोनवरून मावसबहिणीला कळवलं. ती रडायलाच लागली, कारण पाट मांडलेला होता, बिल्डिंगमधली पोरं सकाळपासून जिन्यात बसली होती. मग तिचे यजमान दागिन्यांचा डबा घेऊन बेटाच्या त्यांच्या अर्ध्या भागापर्यंत आले. पण तेही इकडे येऊ शकत नव्हते. शेवटी दम्मामला निघालेल्या एका पाकिस्तानी कुटुंबाने डबा आणून दिला. त्या बाईने मला मिठी मारली, तिचं नावही मला माहीत नाही. कस्टमवाल्याने डबा उघडून मुकुटात बोट खुपसलं होतं आणि मुकुट दुभंगला होता. बाजूबंद, गळ्यातला हार, कमरपट्टा शाबूत होते. माझ्या बहिणीच्या भाजलेल्या बोटांचं ते काम, आणि त्यात हे बोट. असो.

डब्याची वाट बघताना आम्ही बेटावरच्या मनोऱ्यातल्या हॉटेलात बसलो होतो. उंचावरून दोन्ही बाजू दिसत. पलीकडे मनामाच्या इमारती, धुरकट, अगदी हाताशी. थोरला काचेला नाक लावून उभा होता. सिनेमा होणार नाही हे त्याला कळलं होतं, पण तो रडत नव्हता, विचार करत होता. मग तो माझ्याकडे वळला.

“लीव्ह हर विथ पापा,” तो म्हणाला, “शी इज नॉट इन द लिस्ट.”

मी त्याला मारलं नाही. आवाजही चढवला नाही. मला माझ्या मुलाचा राग आलाच नाही, हे मी शपथेवर सांगते. मला राग आला तो सहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब शिकवणाऱ्या सगळ्यांचा. मुखवटे वाटले तेव्हा हा पोरगा तिथे होता. आपल्याला मिळाला, तिला नाही, हे त्याने बघितलं. शिपायाने एक बोट वर केलं तेही बघितलं. मोठी माणसं इतक्या गंभीरपणे जे मोजतात ते बरोबरच असणार, असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं? नवरा खाली बघत कागदी कपातला चहा पीत राहिला. डबा आला तसे आम्ही परत फिरलो. धाकटी डब्याच्या झाकणावर थापट्या मारत होती.

शुक्रवारी मी सगळा राग भांड्यांवर काढला. शनिवारी पहाटेच नवरा प्रकल्पावर गेला. तो जाताना मी त्याला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने “जाऊ दे” म्हटलं असतं. मी धाकटीला न्हाऊ घातलं, काळं झबलं घातलं. हार, बाजूबंद, कमरपट्टा बांधला. दुभंगलेला मुकुट दोऱ्याने शिवला. साहेबांकडे जायचं तर तिने नटूनच जायचं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. थोरल्याचा हात धरला, बाहेर पडताना न्यायलाच सांगितलेला त्याचा मुखवटा घेतला आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले.

तिथून कामगारांच्या कॅम्पची बस जायची. ड्रायव्हर चाचा दाभोळकडचे, कोकणी मुसलमान, दाढी पांढरी झालेली. आमच्या घरी रमजानात त्यांच्याकडून हलीम यायचं. त्यांनी मला बघून बस थांबवली आणि दार उघडून गोंधळून बघत राहिले.

“वैनी, ही बाप्यांची गाडी,” ते म्हणाले. “तुमी कुठं चाललाव पोरांना घेऊन?”

मी म्हटलं, ऑफिसात चालले आहे, मला नेता का? ते जरा घुटमळले. परक्या पुरुषांच्या बसमध्ये एकटी बाई, धर्मपोलिसांनी बघितलं तर त्यांचीही नोकरी गेली असती. मग त्यांनी आपल्या मागची सीट रिकामी करवली आणि म्हणाले, बसा, जे होईल ते माझ्या कपाळी. बसमध्ये वेल्डर, फिटर, सुतार, सगळे कोकणातले नाही तर सातारा-सांगलीकडचे. बायकामुलं गावी ठेवून कॅम्पात राहणारे. काहींनी तर दोन वर्षं मूल मांडीवर घेतलं नव्हतं. मी बसल्यावर सगळे अवघडून खिडकीबाहेर बघायला लागले. धाकटी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती. कराडकडच्या एका फिटरची तिच्याकडे नजर गेली आणि तो अर्धवट उठलाच.

“आरं, बोरन्हाण हाय व्हय हिचं?”

मी म्हटलं, होतं, झालं नाही. आणि मग मला राहवलं नाही. पूल, शिपाई, एक बोट, दोन बोटं, मुखवटा, सगळं भडाभडा बोलले. बस ऐकत होती. मी मुखवट्याचं म्हटलं तेव्हा त्यांतले काही जण एकमेकांकडे बघून हसले. त्या फिटरने मला समजावल्यासारखं सांगितलं, की कॅम्पात कुणालाच मुखवटा दिलेला नाही, भोंगा वाजला की रुमाल ओला करून नाकावर धरायला सांगितलंय. मी थोरल्याचा मुखवटा शेजारी ठेवला होता, तो पिशवीत लपवावासा वाटला. सबंध बसभर माणसं, रोज आमच्या नळाला पाणी आणणारी, आणि यादीत एकही नाही. माझ्या घरात चौघांत तीन मुखवटे होते आणि तरी मी आकांत मांडला होता. तो आकांत मला चुकीचा वाटला नाही. तो फार छोटा वाटला.

चाचांनी बस प्रकल्पाच्या फाटकाअलीकडे, कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. सीटखालून एक पिशवी काढली. कतीफच्या बागेतली बोरं, आदल्या दिवशी रस्त्यावर घेतलेली, बारकी, तपकिरी, आपल्या बोरांसारखीच. ती त्यांनी माझ्या ओंजळीत दिली. मग मागून डबे उघडले. भाजलेले शेंगदाणे आले, खजूर आले, लिमलेटच्या गोळ्या, ग्लुकोजची बिस्किटं, कुणाच्या तरी बहिणीने पाठवलेल्या चुरमुऱ्यांची पुडी. फिटरने आपला गमछा पायरीजवळ पसरला. मी धाकटीला त्यावर बसवलं आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरून ओतलं.

ती आधी दचकली, मग टाळ्या वाजवायला लागली. आणि पोरं लागतात म्हणून मी ज्यासाठी समुद्र ओलांडायला निघाले होते, ती पोरं मला तिथे दिसली. मिशा पिकलेली, हाताला ग्रीस लागलेली माणसं सीटांखाली वाकून बोरं वेचत होती, एकमेकांच्या हातातून गोळ्या हिसकत होती. थोरला आधी बघत राहिला. मग तोही त्यांच्यात घुसला. एका वेल्डरने जिंकलेली बिस्किटं त्याच्या खिशात कोंबली. मागच्या सीटवरचा एक जण काही वेचत नव्हता, हातात एकच बोर घेऊन बसला होता. त्याची मुलगीही तेवढीच असल्याचं चाचांनी मला हळूच सांगितलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि “यल्ला, यल्ला” म्हणत बस सुरू केली.

ऑफिसात साहेब चहा पीत होते. मला बघून उठले, “या वहिनी” म्हणाले, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. मी धाकटीला त्यांच्या टेबलावर, बरोबर त्यांच्या कागदांवर, बसवलं. तिच्या केसांत चुरमुरे होते.

“बेबी फी,” मी म्हटलं.

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले. त्यांनी सांगितलं की मंदूब प्रयत्न करतोय, की परिस्थिती असाधारण आहे, की मी समजून घ्यावं. मी विचारलं, की बारशाला तुम्ही कुणाच्या पाळण्याला झोका दिला होता? त्यांनी कप खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, की खरं सांगायचं तर इतक्या लहान मुलांचे मुखवटे कंपनीकडे आलेलेच नाहीत. नाव असतं तरी मिळाला नसता.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, आवाज इतका चढला, की थोरला माझा अबाया ओढायला लागला. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मुखवटा नाही हे समजू शकते, जगात नसेल तर नसेल. पण मुखवटा नाही हे सांगायला लाज वाटते म्हणून मुलगीच नाही असं सांगायचं? आणि बसमधल्या माणसांचं काय, त्यांना तर मोठ्या माणसांचे मुखवटे चालतात ना? त्यावर ते म्हणाले, लेबरचं खातं वेगळं आहे वहिनी. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्यांनी मंदूबला बोलावलं. अरबीत काहीतरी झापलं. मंदूब माझा पासपोर्ट घेऊन गेला आणि दुपारी धाकटीची नोंद होऊन आली. नऊ महिने न झालेलं काम एका दिवसात झालं. लोक म्हणतात, बघ, भांडल्यावर झालं ना? मला त्याचाच जास्त राग येतो. होण्यासारखं होतं, म्हणजे ते पहिल्या दिवशीही होण्यासारखं होतं. निघताना धाकटीने हारातला एक हलवा तोडून साहेबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि तोंडात टाकला. गोड बोला असं मी त्यांना म्हटलं नाही.

नोंद झाली, पण विमानं तोवर बंद होत आली होती आणि नवऱ्याला सोडून जायला माझाच पाय निघेना. मुदत संपली. युद्ध सुरू झालं. बेडरूमच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या, दाराशी ओले टॉवेल ठेवले. पहिला भोंगा वाजला तेव्हा मी धाकटीला उचललं, नवऱ्याने दार बंद करून फटीत टॉवेल कोंबला. त्याने माझा मुखवटा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही, तिच्या नाकावर ओलं फडकं धरायला मला दोन्ही हात हवे होते. मग त्यानेही आपला बाजूला ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

थोरल्याच्या तोंडावर मुखवटा होता, काचांमागे डोळे मोठे दिसत होते. बाहेर काहीतरी फुटलं आणि भिंती हलल्या. त्याने मुखवटा ओढून काढला. मी ओरडणार होते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो आम्हाला मोजत होता, बोट लावून. शाळेच्या सहलीत बाई मुलं मोजतात तसं.

त्याने पहिलं बोट तिच्या डोक्यावर ठेवलं.

“वन,” तो म्हणाला.